इटालियन क्रियापदांत जोर कुठे द्यायचा?

इटालियनमध्ये 'ते बोलतात' याला 'पार्लानो' म्हणतात. नव्याने शिकणारा हा शब्द छापलेला पाहतो आणि मधल्या 'ला'वर जोर देऊन वाचतो. बरोबर उच्चारात मात्र जोर पहिल्या 'पार'वर असतो, आणि 'लानो' हलकेच मागून येतं. ही चूक होण्यामागे एक अर्धवट नियम आहे. 'इटालियनमध्ये जोर शेवटून दुसऱ्या जागी येतो', असं जवळजवळ प्रत्येक पहिल्या धड्यात सांगितलेलं असतं. नामांना तो बराचसा चालतो. क्रियापदांना सरसकट लावला तर रोजच्या बोलण्यातली कितीतरी रूपं बिघडतात.

मराठीभाषकाला इथे आणखी एक अडचण आहे. मराठीत आपण शब्दाच्या कुठल्याही भागावर थोडा अधिक जोर दिला तरी शब्द बदलत नाही, फार तर बोलण्याचा सूर बदलतो. इटालियनमध्ये शब्दच बदलतो. म्हणून हा विषय 'पुढे बघू' म्हणून सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या महिन्यात बसलेली चुकीची लकब नंतर काढायला फार जड जाते.

आधी खुणा समजून घ्या

शब्द उच्चारताना त्याचे जे भाग पडतात, त्यांना मी इथे 'तुकडा' म्हणेन. लिपीतलं अक्षर आणि उच्चारातला तुकडा या दोन गोष्टी नेहमी जुळत नाहीत, म्हणून शब्द वेगळा ठेवलेला बरा. तुकड्यांमध्ये आडवी रेघ आहे, आणि ज्या तुकड्यावर जोर त्याच्या आधी ˈ अशी उभी खूण आहे. म्हणजे ˈपार-ला-नो. इकार-उकार सगळीकडे ह्रस्वच लिहिले आहेत, त्यावरून लांबी ठरवू नका. त आणि द हे मराठीतले दंत्य त-द आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे ट-ड करू नका. च म्हणजे चिमणीतला च, चाकातला नव्हे. चाकातला च इटालियनमध्ये आहे, पण तो वेगळ्या अक्षराने लिहितात.

पहिली पायरी: तुकडे पाडा

जोराचा विचार करण्याआधी शब्द मोडता आला पाहिजे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: ला-वो-रो, आ-बि-तो. यात अडचण नाही.

व्यंजनं दोन किंवा अधिक असली की देवनागरीची सवय आड येते. 'पार्लो' लिहिताना रफार 'लो'च्या डोक्यावर जातो, म्हणून डोळ्याला पा-र्लो असं दिसतं. उच्चारात मात्र तो पार-लो असाच तुटतो. यासाठी एक साधी कसोटी वापरा: हा व्यंजनांचा गट इटालियन शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकतो का? प्र, त्र, क्र, ब्ल, स्त, स्क, स्प यांनी इटालियन शब्द सुरू होतात, म्हणून हे गट फुटत नाहीत आणि अख्खे पुढच्या तुकड्यात जातात: आ-प्रो (मी उघडतो), का-पि-स्को (मला समजतं), मो-स्त्रो (मी दाखवतो). र्ल, न्त, ल्त, म्प यांनी शब्द सुरू होत नाही, म्हणून ते मधोमध फुटतात: पार-लो, कान-तो (मी गातो), साल-तो (मी उडी मारतो).

द्वित्त नेहमी फुटतं: लेग-गो (मी वाचतो), मेत-तो (मी ठेवतो). द्वित्त उच्चारणं आपल्याला शिकावं लागत नाही. पत्ता, रस्सा, चक्का हे शब्द आपण रोज बोलतो. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांना इथे बरीच मेहनत पडते, आपल्याला ही देणगी आयती मिळाली आहे. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

स्वरांचं प्रकरण थोडं नाजूक आहे. इ किंवा उ या स्वराला दुसरा स्वर चिकटून आला आणि त्या इ-उवर जोर नसला, तर दोघांचा मिळून एकच तुकडा होतो. इ चा 'य' होतो आणि उ चा 'व': ˈव्ये-ने (तो येतो), ˈव्वो-ले (त्याला हवं आहे), पार-ˈल्या-मो (आम्ही बोलतो). पण जोर नेमका त्या इ-उवर असेल, किंवा दोन्ही स्वर अ, ए, ओ यांपैकी असतील, तर ते वेगळे राहतात: क्रे-ˈआ-रे (निर्माण करणे), इन-ˈवि-ओ (मी पाठवतो).

च, ज, श यांच्यानंतरचा इ बऱ्याचदा फक्त लिखाणापुरता असतो. स्पेलिंगमध्ये तो दिसतो, पण कानाला ऐकू येत नाही. 'लाशारे' (सोडणे) मध्ये इ लिहितात, पण तुकडे ला-ˈशा-रे एवढेच. 'बर्फावर स्की करणे' याचे मात्र शि-ˈआ-रे असे तीन तुकडे होतात आणि इ स्पष्ट ऐकू येतो. फरक का, ते तिसऱ्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: वर्तमानकाळाची चौकट बसवा

या लेखातून एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

वर्तमानकाळाची सहा रूपं असतात: मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते. यांतल्या चार रूपांत जोर धातूवर असतो: मी, तू, तो आणि ते. 'आम्ही' आणि 'तुम्ही' या दोन रूपांत तो प्रत्ययावर सरकतो. 'बोलणे' घ्या.

मी: ˈपार-लो
तू: ˈपार-लि
तो/ती: ˈपार-ला
आम्ही: पार-ˈल्या-मो
तुम्ही: पार-ˈला-ते
ते: ˈपार-ला-नो

'ते'चं रूप कसं तयार होतं ते पाहा. 'तो'च्या रूपाला शेवटी 'नो' जोडला गेला, आणि जोर होता तिथेच राहिला. जोर शेवटून मोजायचाच नाही. तो 'मी'च्या रूपात जिथे आहे, त्याच तुकड्यावर 'ते'च्या रूपातही असतो. ला-ˈवो-रो (मी काम करतो), तर ला-ˈवो-रा-नो. ˈआ-बि-तो (मी राहतो), तर ˈआ-बि-ता-नो. ते-ˈले-फो-नो (मी फोन करतो), तर ते-ˈले-फो-ना-नो. शेवटच्या दोन शब्दांत जोरानंतर तीन हलके तुकडे येतात. सुरुवातीला जीभ अडखळते. एका श्वासात, घाई न करता म्हटलं की चार-पाच दिवसांत बसतं.

जोर चुकल्यावर काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे एकाच अक्षरांचे हे तीन शब्द. ˈका-पि-ता-नो म्हणजे 'घडतात, ओढवतात'. का-पि-ˈता-नो म्हणजे कप्तान. का-पि-ता-ˈनो म्हणजे 'त्याने नेतृत्व केलं'. पहिले दोन छापील मजकुरात अगदी सारखे दिसतात. तिसऱ्याच्या शेवटच्या ओवर तिरकी रेघ असते.

तशीच पेर-दो-नो ही जोडी आहे. ˈपेर-दो-नो म्हणजे 'ते हरतात', आणि पेर-ˈदो-नो म्हणजे 'मी क्षमा करतो'. फुटबॉलच्या सामन्याबद्दल बोलताना दोन्हींची अदलाबदल झाली तर ऐकणारा क्षणभर थांबेल. ˈप्रे-दि-को म्हणजे 'मी प्रवचन देतो', प्रे-ˈदि-को म्हणजे 'मी भाकीत करतो'.

'नो'ला एक अपवाद आहे, आणि तो द्वित्तामुळे चटकन ओळखता येतो. शेवटी एक न असेल तर जोर मागे, दोन न असतील तर जोर त्या द्वित्ताच्या तुकड्यावर. ˈदि-को-नो (ते म्हणतात), ˈपोस-सो-नो (ते करू शकतात), ˈवेन-गो-नो (ते येतात) यांत न एकच आहे. ˈफान-नो (ते करतात), ˈवान-नो (ते जातात), ˈसान-नो (त्यांना माहीत आहे) यांत न दोन आहेत.

इरे-वर्गातल्या, म्हणजे शब्दकोशातलं रूप 'इरे'ने संपणाऱ्या, बऱ्याच क्रियापदांत धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये 'इस्क' घुसतो. तिथे जोर धातू सोडून त्या इस्कवर बसतो: फि-ˈनि-स्को (मी संपवतो), फि-ˈनि-शे (तो संपवतो), फि-ˈनि-स्को-नो (ते संपवतात). 'आम्ही' आणि 'तुम्ही'मध्ये इस्क येत नाही: फि-ˈन्या-मो, फि-ˈनि-ते. चौकट तीच आहे, फक्त धातूऐवजी इस्क जोर उचलतो.

ही चौकट पटली की अनियमित म्हणून पाठ करायला दिलेली निम्मी क्रियापदं वेगळ्याच नजरेने दिसू लागतात. 'जाणे' पाहा: ˈवा-दो, ˈवाइ, ˈवा, आन-ˈद्या-मो, आन-ˈदा-ते, ˈवान-नो. 'वा' आणि 'आन्द' अशी दोन संपूर्ण वेगळी मुळं इथे एकत्र आली आहेत, पण वाटणी बेबंद नाही. धातूवर जोर असलेल्या चार रूपांत 'वा', जोर पुढे सरकलेल्या दोन रूपांत 'आन्द'. 'बाहेर पडणे' यातही तसंच: ˈए-स्को, ˈए-शि, ˈए-शे आणि ˈए-स्को-नो, पण उ-ˈश्या-मो आणि उ-ˈशि-ते. (इथे श्या लिहिलं असलं तरी उच्चार जवळजवळ 'शा'च ऐकू येतो.) धातूतला स्वर जोर असताना ए आहे, जोर गेल्यावर उ.

सर्वांत व्यापक उदाहरण 'व्ये' आणि 'व्वो' या जोड्यांचं आहे. ˈव्वो-ले (त्याला हवं आहे), पण वो-ˈले-ते (तुम्हाला हवं आहे). ˈम्वो-रे (तो मरतो), पण मो-ˈरि-ते (तुम्ही मरता). ˈस्ये-दे (तो बसतो), पण से-ˈदे-ते (तुम्ही बसता). जोर असलेल्या तुकड्यात स्वर फुटून दोन होतात, जोर हलला की एकच उरतो. म्हणजे जोर हा उच्चारावर वरून चढवलेला साज नाही, रूपं घडवणाऱ्या कारणांपैकी तो एक आहे. मुलांना शाळेत ही रूपं तक्त्यांतून घोकायला लावतात. कारण सांगितलं तर घोकंपट्टी बरीच कमी होईल.

तिसरी पायरी: 'मी'च्या रूपात जोर कुठे?

आता सगळा भार 'मी'च्या रूपावर येऊन पडला. ते कसं ओळखायचं?

धातूत एकच तुकडा असेल तर प्रश्नच नाही: ˈपार-लो, ˈक्रे-दो, ˈदोर-मो. अधिक तुकडे असतील तर शेवटून दुसरा तुकडा बघा. इथे मराठी शाळेतलं वृत्तांचं ज्ञान कामाला येतं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हे आपण लघु-गुरूच्या खुणा करताना शिकलो आहोत. इटालियनमध्ये शेवटून दुसरा तुकडा तसा गुरू असेल, तर क्रियापदाच्या या रूपात जोर त्याच्यावरच येतो: आ-ˈस्पेत-तो (मी वाट पाहतो), राक-ˈकोन-तो (मी सांगतो), प्रे-ˈसेन-तो (मी सादर करतो), ओर-गा-ˈनिद-झो (मी आयोजन करतो), रे-ˈजि-स्त्रो (मी नोंदवतो). हा वारसा लॅटिनचा. तिथेही शेवटून दुसरा तुकडा गुरू असेल तर जोर त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर, असा नियम होता.

एक सूट लक्षात ठेवा. व्यंजन अधिक र किंवा ल असा साधा जोड, म्हणजे ब्र, त्र, प्ल वगैरे, मागच्या तुकड्याला गुरू करत नाही. म्हणून ˈचे-ले-ब्रो (मी साजरं करतो) आणि ˈपे-ने-त्रो (मी आत शिरतो) यांत जोर पहिल्या तुकड्यावर जातो.

शेवटून दुसरा तुकडा लघु असेल तर मात्र नियमाने काम भागत नाही. ला-ˈवो-रो आणि ˈआ-बि-तो यांची बांधणी अगदी सारखी आहे, तरी जोर वेगळा. अशी रूपं ऐकूनच शिकावी लागतात. नेहमी लागणारी पुढची क्रियापदं एकत्र पाठ करून टाका. यांच्यात जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर आहे: ˈवि-सि-तो (मी भेट देतो), ˈओर-दि-नो (मी मागवतो), ˈमे-रि-तो (मी लायक आहे), ˈइन-दि-को (मी दाखवतो), ˈजु-दि-को (मी न्याय करतो), दे-ˈसि-दे-रो (मला इच्छा आहे), दि-ˈमेन-ति-को (मी विसरतो), इम-ˈमा-जि-नो (मी कल्पना करतो), कोन-ˈसि-दे-रो (मी विचारात घेतो), पार-ˈते-चि-पो (मी भाग घेतो), को-ˈमु-नि-को (मी कळवतो). 'इफिकारे'ने संपणाऱ्या साऱ्या क्रियापदांत जोर 'इफ'मधल्या इवर येतो: मो-ˈदि-फि-को (मी बदल करतो), वे-ˈरि-फि-को (मी पडताळतो). हा गट मोठा आहे आणि त्याला अपवाद नाहीत, त्यामुळे एका नियमात पुष्कळ शब्द हाती लागतात.

आता इआरे-वर्ग. ˈस्तु-द्यो (मी अभ्यास करतो) मध्ये इवर जोर नाही, म्हणून तो य होऊन पुढच्या स्वरात मिसळला. इन-ˈवि-ओ मध्ये इवर जोर आहे, म्हणून तो वेगळा राहिला. याचा परिणाम स्पेलिंगवरही होतो. 'तू'च्या रूपात पहिल्याला एकच इ लिहितात, ˈस्तु-दि, तर दुसऱ्याला दोन इ, इन-ˈवि-इ. लिहिताना एक इ की दोन, हा प्रश्न इटालियन शाळकरी मुलांनाही पडतो. उत्तर 'मी'च्या रूपाच्या उच्चारात असतं. स्की करण्याच्या क्रियापदात ˈशि-ओ होतं, म्हणून तिथे इ जिवंत आहे. 'सोडणे'मध्ये ˈला-शो होतं, म्हणून तिथे तो फक्त श चा उच्चार दाखवण्यापुरता आहे. इवर जोर असलेली क्रियापदं थोडी आहेत: पाठवणे, हेरगिरी करणे, स्की करणे, वळण घेणे आणि त्यांची भावंडं. बाकीची पहिल्या जातीची.

चौथी पायरी: मूळ रूप

शब्दकोशात क्रियापद ज्या रूपात सापडतं ते मूळ रूप आरे, एरे किंवा इरे यांनी संपतं. आरे आणि इरे यांत जोर नेहमी शेवटून दुसऱ्यावर: पार-ˈला-रे, फि-ˈनि-रे. एरे-वर्गाचे दोन गट पडतात.

पहिल्या गटात जोर 'ए'वर: वे-ˈदे-रे (पाहणे), आ-ˈवे-रे (जवळ असणे), पो-ˈते-रे (शकणे), वो-ˈले-रे (हवं असणे), दो-ˈवे-रे (करावं लागणे), सा-ˈपे-रे (माहीत असणे), का-ˈदे-रे (पडणे), ते-ˈने-रे (धरणे), रि-मा-ˈने-रे (उरणे, थांबणे), प्या-ˈचे-रे (आवडणे), से-ˈदे-रे (बसणे), ते-ˈमे-रे (भिणे).

दुसऱ्या गटात जोर त्याच्या आधी: ˈप्रेन-दे-रे (घेणे), ˈलेज-जे-रे (वाचणे), ˈस्क्रि-वे-रे (लिहिणे), ˈक्रे-दे-रे (मानणे), ˈमेत-ते-रे (ठेवणे), ˈवि-वे-रे (जगणे), ˈक्यु-दे-रे (बंद करणे), को-ˈनो-शे-रे (ओळखणे), रि-ˈस्पोन-दे-रे (उत्तर देणे).

दुसरा गट बराच मोठा आहे. म्हणून पहिल्या गटाची यादी पाठ करा आणि उरलेलं सगळं दुसऱ्यात टाका. लॅटिन शिकलेल्यांना वाटेल की तिथल्या दीर्घ ए आणि ह्रस्व ए यांवरून हे गट पडले असावेत. मुळात ते खरं आहे, पण वाटेत बऱ्याच क्रियापदांनी घर बदललं. 'माहीत असणे' आणि 'पडणे' यांचा ए लॅटिनमध्ये ह्रस्व होता, तरी आज त्यांच्यात जोर एवर आहे. 'हसणे' आणि 'उत्तर देणे' यांचा दीर्घ होता, तरी आज जोर मागे सरकला आहे. म्हणून केवळ लॅटिनवर विसंबू नका.

मूळ रूपातला हा फरक वर्तमानकाळाच्या चौकटीला धक्का लावत नाही. 'घेणे'मध्ये जोर प्रेनवर आहे, तरी 'तुम्ही घेता' म्हणजे प्रेन-ˈदे-ते. इथेच पुष्कळ जण अडकतात.

म्हणून माझा आग्रह असा: कोणतंही नवं क्रियापद वहीत लिहिताना दोन रूपं लिहा, मूळ रूप आणि 'मी'चं रूप, दोन्हींवर जोराची खूण करून. उरलेली रूपं यांतून नियमाने निघतात.

पाचवी पायरी: इतर काळ

इतर काळांत धातूतला जोर बहुतेक कायमचा सुटतो आणि प्रत्ययांकडे जातो. त्यामुळे 'मी'चं रूप ओळखण्याची कटकट राहत नाही. सगळ्या क्रियापदांना एकच चाल लागू पडते.

'मी बोलायचो' हा काळ: पार-ˈला-वो, पार-ˈला-वि, पार-ˈला-वा, पार-ला-ˈवा-मो, पार-ला-ˈवा-ते, पार-ˈला-वा-नो. पुन्हा तेच घडतं. 'आम्ही-तुम्ही'त जोर एक पाऊल पुढे जातो, 'ते'मध्ये 'मी'च्या जागी परत येतो.

भविष्यकाळ: पार-ले-ˈरो, पार-ले-ˈराइ, पार-ले-ˈरा, पार-ले-ˈरे-मो, पार-ले-ˈरे-ते, पार-ले-ˈरान-नो. मूळ रूप आणि 'जवळ असणे' या क्रियापदाची रूपं जोडून हा काळ घडला. जोर त्या मागून जोडलेल्या क्रियापदावर राहिला, म्हणून तो सहाही रूपांत शेवटाकडे असतो. 'मी' आणि 'तो' यांच्या रूपांत शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ लिहावीच लागते. ती विसरणं ही शुद्धलेखनाची चूक धरली जाते.

संकेतार्थात, म्हणजे 'मी बोलेन, जर...' अशा अर्थाच्या रूपांत, आपलं द्वित्त उपयोगी पडतं. 'आम्ही बोलू' म्हणजे पार-ले-ˈरे-मो, आणि 'आम्ही बोलू, जर...' या जातीचं रूप पार-ले-ˈरेम-मो. जोर एकाच जागी, फरक फक्त एका म चा. एकेरी म च्या आधीचा जोराचा स्वर लांबतो, दुहेरी म च्या आधीचा तोकडा राहतो. ˈका-दे (तो पडतो) आणि ˈकाद-दे (तो पडला), ˈबे-वे (तो पितो) आणि ˈबेव-वे (तो प्यायला) यांतही असंच आहे. द्वित्त नीट दाबून उच्चारा, स्वराची लांबी आपोआप जमते. संकेतार्थाचं 'ते'चं रूप पार-ले-ˈरेब-बे-रो असं होतं.

जुन्या घटनांचा भूतकाळ कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासात भेटतो. बोलण्यात उत्तर इटलीत तो क्वचितच ऐकू येतो, दक्षिणेत आणि तोस्कानात जास्त. सुरुवातीला दोनच गोष्टी पुरेत. पहिली: पार-ˈलो म्हणजे 'तो बोलला', ˈपार-लो म्हणजे 'मी बोलतो'. दुसरी: 'ते बोलले' म्हणजे पार-ˈला-रो-नो. अनियमित क्रियापदांत 'मी, तो, ते' ही तीन रूपं धातूवर जोर ठेवतात आणि उरलेली प्रत्ययावर: ˈस्क्रिस-सि, स्क्रि-ˈवे-स्ति, ˈस्क्रिस-से, स्क्रि-ˈवेम-मो, स्क्रि-ˈवे-स्ते, ˈस्क्रिस-से-रो.

शंका, इच्छा, अट यांसाठीच्या रूपांत एक सापळा आहे. त्यांच्या वर्तमानात 'ते'चं रूप ˈपार-लि-नो, अपेक्षेप्रमाणे. भूतकाळात मात्र 'आम्ही'चं रूप पार-ˈलास-सि-मो होतं. इतर काळांत 'आम्ही' म्हटलं की जोर शेवटून दुसऱ्यावर येतो. इथे तो तिसऱ्यावर आहे, कारण जोर 'लास'ला धरून बसतो आणि कुणासाठी हलत नाही: पार-ˈलास-सि, पार-ˈलास-से, पार-ˈलास-से-रो.

झालेल्या क्रियेचं विशेषण आतो, उतो, इतो यांनी संपतं आणि जोर त्या प्रत्ययाच्या पहिल्या स्वरावर असतो: पार-ˈला-तो, क्रे-ˈदु-तो, फि-ˈनि-तो. याच कारणाने का-ˈपि-तो म्हणजे 'समजलं', ˈका-पि-तो म्हणजे 'मी येऊन पडतो', आणि का-पि-ˈतो म्हणजे 'घडलं'. इटलीत कुणी रस्ता समजावून सांगितल्यावर 'समजलं' म्हणायचं असेल, तर मधल्या 'पि'वर जोर द्या.

सहावी पायरी: मागे चिकटणारी सर्वनामं

आज्ञार्थाला आणि मूळ रूपाला 'मला', 'त्याला', 'ते' अशा अर्थाची छोटी सर्वनामं मागून चिकटतात. त्यांच्यामुळे जोर तसूभरही हलत नाही. शब्द लांबतो, जोर मागे मागे पडलेला वाटतो. ˈपोर-ता (आण), ˈपोर-ता-मि (मला आण), ˈपोर-ता-मे-लो (ते मला आणून दे). ते-ˈले-फो-ना-मि (मला फोन कर). ˈस्ये-दि-ति (बस). आन-ˈद्या-मो-चे-ने (चला, निघूया इथून). जोरानंतर चार तुकडे येणारं ˈफाब-ब्रि-का-मे-लो (ते मला बनवून दे) हे व्याकरणाच्या पुस्तकांचं आवडतं उदाहरण आहे. ते रोज लागत नाही, पण ते न अडखळता म्हणता आलं की बाकीचे सोपे वाटतात.

एका तुकड्याच्या आज्ञार्थाला सर्वनाम चिकटलं की त्याचं व्यंजन दुप्पट होतं: ˈदिम-मि (मला सांग), ˈदाम-मि (मला दे), ˈफाम-मि (मला करून दे). 'त्याला' या अर्थाच्या सर्वनामाचं स्पेलिंग तसं दुप्पट होत नाही.

सरावासाठी टेबलावर बोटाने ठोका देणं उपयोगी पडतं. जोराच्या तुकड्यावर ठोका, बाकीचे हवेत. सुरुवात 'मी'च्या रूपापासून करा आणि लगेच 'ते'चं रूप म्हणा, मधली रूपं सोडून: ˈआ-बि-तो, ˈआ-बि-ता-नो. मग 'आम्ही'. ठोका हलला पाहिजे. मनातल्या मनात वाचून हे जमत नाही, आवाज काढून म्हणावं लागतं.

कोशात कसं पाहायचं

इटालियन लेखनात जोराची रेघ शेवटच्या तुकड्यावर जोर असेल तरच सक्तीची आहे. शिवाय काही एका तुकड्याच्या शब्दांवर, घोटाळा टाळण्यासाठी, ती येते: 'तो आहे' आणि 'तो देतो' यांवर रेघ असते, कारण रेघेशिवाय तेच शब्द 'आणि' व 'पासून' असे वाचले जातात. वर्तमानपत्रात ˈआ-बि-ता-नो वर कुठलीही खूण सापडणार नाही. शब्दकोशात मात्र प्रत्येक शब्दावर जोर दाखवलेला असतो, आणि क्रियापदाच्या नोंदीत सुरुवातीलाच कंसात 'मी'चं रूप जोरासकट दिलेलं असतं. त्रेक्कानी या संस्थेचा कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो. राई या इटालियन प्रसारणसंस्थेसाठी तयार झालेला आणि 1969 मध्ये पहिल्यांदा निघालेला उच्चारकोशही ऑनलाइन आहे. तो निवेदकांसाठी रचला गेला, म्हणून उच्चारापुरता तो अधिक नेमका आहे.

कोश पाहताना कधी कधी छापील जोर आणि कानावर पडणारा जोर जुळत नाहीत. 'मी मूल्यमापन करतो' याचा प्रमाण उच्चार वा-ˈलु-तो, पण ˈवा-लु-तो म्हणणारे इटालियन लोक पुष्कळ भेटतील. परीक्षेत पहिला वापरा. दुसरा ऐकू आला तर तो वेगळा शब्द समजू नका, क्रियापद तेच आहे.